मापाची दोरी

फोन ठेवला आणि महानंदाने आधी आरशात पाहिलं, मग नवऱ्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

“अहो, ऐकलंत का? मला बोलावलंय! आज चार वाजता, महादेवपुऱ्यात. शाल, श्रीफळ, स्टेज, सगळं!”

नागराजने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “शाल घेताना कडा बघून घे. फुकटच्या शालींच्या कडा उसवलेल्या असतात.”

नवरा असा खडूस असला तरी आज महानंदाचा आनंद कशानेही कमी होणार नव्हता. चामराजपेटेतलं त्यांचं ‘भागुबाई लेडीज टेलर्स’ हे दुकान रुंदीला जेमतेम दोन यंत्रांएवढं. बाहेरच्या यंत्रावर नागराज शिवायचा आणि आत, पडद्यामागे, महानंदा बायकांची मापं घ्यायची. या दुकानाचं नाव आज बंगळूरात पहिलं आलं होतं! कशात पहिलं, ते सांगायला हवं.

महिन्यापूर्वी प्रणीत नावाचा एक तरुण दुकानात आला होता. पुण्याचा, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत कामाला. “नमस्कार ताई” ऐकल्याबरोबर महानंदा विरघळलीच. तिच्या घराण्यात मराठी साडेतीनशे वर्षं टिकली होती खरी, पण उंबऱ्याच्या आत. दुकानात येऊन कुणी इतकं स्वच्छ मराठी बोललं की तिला आधी चहा सांगावासा वाटे आणि काय काम आहे ते मग विचारावंसं वाटे. प्रणीतने एक टॅब्लेट काढला आणि त्याला जोडलेलं काचेचं चिमुकलं यंत्र काढलं. गिऱ्हाइकाने काचेवर अंगठा ठेवायचा, आधारवरून ओळख पटते, मग मापं भरायची, बस. त्या बाईला पुन्हा कुठेच माप द्यायला नको. देशातल्या कुठल्याही दुकानात तिने नुसता अंगठा टेकवला की ब्लाउज तयार.

“आणि डेटा तुमचाच, ताई,” प्रणीत म्हणाला होता. “हे लाल बटण दाबून अंगठा ठेवलात की सगळं पुसलं जाणार. फुल ट्रस्ट.”

नागराजला तर यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. “रेशनला दिला, बँकेत दिला, सिमकार्डाला दिला. आता त्या अंगठ्यात झाकून ठेवण्यासारखं उरलंय काय?”

महानंदाने मन लावून काम केलं. महिनाभरात दोनशे बारा बायकांचे अंगठे घेतले, बंगळूरातल्या कुठल्याही दुकानापेक्षा जास्त. एकीनेही का म्हणून विचारलं नाही. महानंदा सांगतेय ना, मग झालं!

तिचं पूर्वीचं मापांचं रजिस्टर तिने माळ्यावर टाकलं. त्याच माळ्यावर सासूबाईंचा दोऱ्यांचा डबाही होता. भागुबाईंना लिहिता येत नसे. प्रत्येक बाईच्या नावाने एक जाड सुती दोरी आणि तिच्यावर गाठी, हीच त्यांची वही. साधी गाठ खांद्याची, दुहेरी बाहीची, पीळ दिलेली छातीची. माप तोंडाने उच्चारायचं नाही, कारण पडद्याबाहेर पुरुषमाणसं बसलेली असतात. आणि ब्लाउज शिवून झाला की दोरीसुद्धा त्या बाईच्या हातात परत द्यायची. “ज्याचं माप त्याच्याकडे,” असं म्हणायच्या. दहावी पास होऊन आलेल्या सुनेला तेव्हा हा सगळा प्रकार भारीच मागासलेला वाटला होता.

तर आज त्या सुनेचा सत्कार होता. महानंदाने ठेवणीतली जांभळी साडी नेसली, सांगितल्याप्रमाणे टॅब्लेट पिशवीत घातला आणि मार्केटच्या स्टेशनवरून मेट्रो धरली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना तिने तिघा अनोळखी माणसांना ढकललं आणि तिघांकडेही पाहून हसली.

हॉल थंडगार होता. गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं हिंदी-इंग्रजीत बोलत होती. प्रणीत धावत आला, “ताई, यू आर द स्टार टुडे!” म्हणाला आणि तिला पहिल्या रांगेत बसवून गेला. स्टेजवर भिंतभर पडदा होता. एका चांदीच्या ताटात, झेंडूच्या पाकळ्यांवर, ते अंगठ्याचं यंत्र देवासारखं मांडलेलं होतं.

प्रणीतने माइक घेतला. चामराजपेटेतल्या एका छोट्या दुकानाने काय चमत्कार केलाय ते तो सांगू लागला आणि महानंदा खुर्चीत ताठ बसली. पडद्यावर एका बाईची आकृती उमटली. चेहरा नसलेली, राखाडी रंगाची, सावकाश गोल फिरणारी. बाजूला इंग्रजीत ओळी येऊ लागल्या. ग्राहक क्रमांक सत्याऐंशी. वय त्रेसष्ट. चामराजपेट. खांदा, बाही, मुंढा.

आणि खाली, ‘विशेष सूचना’ या रकान्यात महानंदाने मराठीत लिहिलेल्या ओळीचं इंग्रजी. डावी बाजू रिकामी, आठ वर्षं, अस्तरात कापूस भरणे.

ती ओळ महानंदाने लगेच ओळखली. या पद्मक्का होत्या!

पद्मावतीबाई हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांचं डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा आनेकलला भाचीकडे जातेय, असं त्यांनी पेठेत सांगितलं होतं. महिन्याने परतल्या त्या थेट महानंदाच्या पडद्यामागे आल्या आणि पदर बाजूला करून म्हणाल्या, “असं शिव, की कुणाला कळता कामा नये.” महानंदाने तसंच शिवलं होतं. डॉक्टर आणि भाची सोडली तर हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. नागराजलासुद्धा नाही. आता ते भिंतीएवढं मोठं होऊन शंभर माणसांपुढे फिरत होतं.

दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थाने हात वर केला. एका विमा कंपनीचा माणूस होता तो. “ही बाई कोण आहे, हे आम्हाला समजू शकेल का?”

“अजून नाही, सर,” प्रणीत उत्साहाने म्हणाला. “नावं झाकलेली आहेत. पण दुकानदाराचा अंगठा मिळाला की सगळं खुलं होतं. प्रत्येकीचा अंगठा आहे, अंगठ्याला आधार आहे आणि आधारला बाकी सगळंच जोडलेलं आहे. आणि तो अंगठा आपण आत्ता, तुमच्यासमोर घेणार आहोत!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी महानंदाला हात धरून स्टेजवर नेलं, खांद्यावर शाल घातली, डाव्या हातात नारळ दिला. ताट समोर आलं. काचेखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिने अंगठा पुढे केला आणि तो हवेतच राहिला. पाकळ्या, दिवा, कॅमेरे, सगळे त्या एका अंगठ्याची वाट पाहत होते.

“प्रणीत,” ती म्हणाली, “आधी हे पुसून टाका.”

प्रणीतने खिशातून रुमाल काढून काच पुसली.

“काच नाही हो. मापं. माझ्या बायकांची मापं.”

प्रणीतचं हसू तसंच ओठांवर राहिलं, डोळे मात्र बदलले. तो कानाशी येऊन कुजबुजला, “ताई, प्लीज. आत्ता नको. इन्व्हेस्टर्स बसलेत. नंतर बघू आपण.”

नंतर! पुसायला नंतर आणि उघडायला आत्ता? महानंदाला असा राग आला की भीतीबिती कुठल्या कुठे पळाली. तिने नारळ त्या ताटात ठेवला, पिशवीतून आपला टॅब्लेट काढला आणि लाल बटण दाबलं. तुमची खात्री आहे का, असं त्याने विचारलं. तिने अंगठा टेकवला. सगळ्या ग्राहकांची माहिती कायमची जाईल, खरंच खात्री आहे का? पुन्हा अंगठा. प्रणीतचा हात टॅब्लेटकडे आला, तशी ती शालीसकट गर्रकन वळली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. शेवटचं विचारतो, खात्री आहे का?

“आहे म्हटलं ना रे बाबा!” ती मोठ्याने ओरडली आणि अंगठा असा दाबला की नख पांढरं पडलं.

पडद्यावरची बाई फिरता फिरता थांबली. मग खांदा गेला, बाही गेली, ती ओळ गेली. पांढरी भिंत तेवढी उरली. मागच्या रांगेत दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

“ताई, हे काय केलंत तुम्ही!” प्रणीत रडवेला झाला होता.

“माझ्या सासूच्या दुकानातून आजवर कुणाचं माप बाहेर गेलं नव्हतं,” महानंदा म्हणाली. “माझ्या हातून जात होतं. चहा प्यायला या कधीतरी, पण हे यंत्र आणू नका.” टॅब्लेट तिने त्याच्या हातात दिला, नारळ उचलला आणि ती स्टेजच्या पायऱ्या उतरली. शाल अंगावरच होती. कडा खरोखरच उसवलेल्या निघाल्या.

मेट्रोत बसली तरी तिचे कान तापलेले होते. हसू आवरत नव्हतं. समोरच्या बाईला उठून सांगावं, असं तिला वाटत होतं. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात तिने भरल्या सभेत कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं तेही माइकवर!

मॅजेस्टिकला गाडी बदलताना मात्र ते हसू मावळलं. पद्मक्कांना सांगायचं का? न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? पुसून तर टाकलंय. आठ वर्षांचा विश्वास आहे, तो राहू द्यावा जिथल्या तिथे. मार्केट येईपर्यंत तिने चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं. शेवटी तिला ती काच आठवली, जिच्यावर पद्मक्कांनी चष्मासुद्धा न लावता अंगठा ठेवला होता. कोऱ्या कागदावर सही करावी, तसा. घरी न जाता ती तशीच पद्मक्कांच्या दारात गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली.

पद्मक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग गणिताच्या बाईंनी विचारावं तसं विचारलं, “किती जणांनी पाहिलं?”

“शंभर असतील. नाव नव्हतं, अक्का.”

“पुसलं म्हणजे पुसलंच, कशावरून?”

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. महानंदाच्या जिभेवर आलंही होतं. “ठाऊक नाही,” ती म्हणाली. “खडूची खूण झटकली तरी उन्हात धरली की कापडावर दिसते. तसंच असेल तर मला माहीत नाही. मी चुकले. मी लिहायलाच नको होतं.”

“मी का दिला अंगठा, माहितेय? सरकारने सांगितलं म्हणून नाही. तू सांगितलंस म्हणून.”

पद्मक्कांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

घरी येऊन महानंदाने माळ्यावरून सासूबाईंचा डबा काढला. नागराजला सगळं सांगितलं, म्हणजे पद्मक्कांचं नाव आणि त्यांचं दुखणं सोडून सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “रेशनला, बँकेत माझाही अंगठा आहे ना गं? तो पुसता येईल?” आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अंगठ्याची काळजी वाटली असावी. “तुमचा सदरा मी थोडाच शिवते,” असं म्हणून ती हसली, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

तिने एक कोरी दोरी घेतली. पद्मक्कांची मापं आठवायला तिला कुठलंही यंत्र लागत नव्हतं. खांद्याची साधी गाठ, बाहीची दुहेरी, छातीची पिळाची. आणि तिच्याजवळ आणखी एक, सासूबाईंच्या वहीत नसलेली, अगदी बारीक. ती कशाची, हे जगात दोघींनाच समजणार होतं. सकाळी दुकान उघडण्याआधी तिने ती दोरी पाकिटात घालून पद्मक्कांच्या दाराखालून आत सरकवली. चिठ्ठी वगैरे काही लिहिली नाही. लिहिण्याचाच धसका घेतला होता तिने.

त्या दिवशी पद्मक्का आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. येतील त्या बायकांना महानंदा झालेला प्रकार सांगत होती, माफी मागत होती आणि प्रत्येकीची दोरी वळून तिच्या हातात देत होती. कुणी चिडलं, कुणी हसलं. एकीने ती दोरी तिथेच पदराच्या टोकाला बांधली. एकीने मात्र शिवायला दिलेलं कापड परत मागितलं, आणि महानंदाने मुकाट्याने घडी घालून दिलं. प्रत्येक वेळी पडदा हलला की ती वर बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून नागराजचा आवाज आला, “या अक्का, या, या!” पाठोपाठ पडदा बाजूला झाला.

पद्मक्का आत आल्या. हातात निळ्या रंगाचं ब्लाउजपीस होतं. त्या स्टुलावर बसल्या, पर्समधून चष्म्याचं घर काढलं, ते उघडलं. आत चष्म्याखाली दोरी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांनी ती सोडवून सरळ केली, बोटांनी गाठी एकदा चाचपल्या आणि महानंदाच्या उघड्या हातावर ठेवली.

महानंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“आधी डोळे पूस,” पद्मक्का दबक्या आवाजात म्हणाल्या, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. “मग वाच, आणि वाचून झाली की परत दे.”