माझ्या छातीतलं बूच

मी चित्र छापायचा लाकडी ठोकळा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझं लाकूड तुर्कस्तानच्या डोंगरातलं, पिवळसर आणि हाडासारखं कठीण. ते झाड बुटकं, म्हणून छोटे तुकडे मागून स्क्रूने आवळून माझ्याएवढा ठोकळा करतात. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत मी दाखल झालो. तिथली रीत अशी: चित्रकाराने माझ्यावर चित्र काढायचं, मग स्क्रू सोडवून माझे तुकडे कोरणाऱ्या कारागिरांत वाटायचे, म्हणजे काम झटपट उरकतं. कोरताना मूळ रेघा जातात. चित्रकाराला मग तक्रारीला पुरावा उरत नाही. सोय उत्तम होती.

आमचा चित्रकार अँब्रोज टिलेट. आग, पूर, राजघराण्यातलं लग्न, जे असेल ते आठवडाभर काढायचा आणि सुट्टीत जलरंगात ओढे रंगवायचा. माणूस वाईट नव्हता. माझा राग त्यामुळेच जास्त आहे.

उत्तरेकडे हॉलडीनच्या कोळसाखाणीत आग लागली. खाणीतून बाहेर पडायच्या वाटा दोन होत्या. दुसरीवर मालकाने, सर लॅम्बर्ट क्रोल यांनी, फळ्या ठोकल्या होत्या, कारण वाट चालू ठेवायला खर्च येतो. माणसं त्या फळ्यांखाली गुदमरून मेली. टिलेट पोहोचला तेव्हा बायका फळ्यांसमोर उभ्या होत्या. हेस्टर ग्रिंडल नावाच्या विधवेने त्याची बाही धरली. माझ्यावर रेघा ओढताना तो हे शेजारच्याला सांगत होता.

"चित्रवाले, हे काढा," ती म्हणाली होती. "उद्या या फळ्या इथे नसतील. मग चौकशीत आम्ही बायका खोटं बोलतो असं ठरेल."

"काढतो, बाई."

"नुसतं काढतो म्हणू नका. आमचा पाद्रीही रोज येतो म्हणतो आणि येत नाही."

त्याने काढलं. फळ्या, खिळे, समोर मुठी आवळलेल्या बायका. त्या कचेरीत इतकं खरं काही कोणी काढलं नव्हतं.

पहिला नमुना छापून संपादक पॉसन यांच्या टेबलावर गेला.

"टिलेट, हे काय, सुतारकामाची जाहिरात?"

"फळ्या होत्या, साहेब. मी पाहिल्या."

"वाचकाला चहाबरोबर खिळे नकोत. आणि सर लॅम्बर्टना आपण दुखवत नाही. तिथे मालक उभा कर. हॅट काढलेला, दुःखी."

"ते तिथे नव्हते."

"वाचकही नव्हते."

टिलेटने खाणीवर कागदावर काढलेलं कच्चं चित्र संपादकाने ठेवून घेतलं. ठोकळ्याची दुरुस्ती सोपी असते. भोक पाडायचं, नव्या लाकडाचं बूच ठोकायचं आणि त्यावर हवं ते कोरायचं. माझ्या छातीतून फळ्या काढल्या आणि सर लॅम्बर्ट बसवले. बुचावर त्यांना टिलेटनेच रेखाटलं. रेघ सफाईदार आली. मी बघत होतो.

अंक निघाल्यावर हेस्टर कचेरीत आली. फळ्या खरोखरच रातोरात नाहीशा झाल्या होत्या.

"चौकशीला या आणि पाहिलं ते सांगा. एवढंच."

"बाई, माझी नोकरी आहे."

"माझा नवरा होता," ती म्हणाली.

टिलेट वेल्समध्ये ओढे रंगवायला गेला. चौकशीत अंक दाखवण्यात आला: बघा, फळ्या कुठे आहेत? मृत्यू अपघाती ठरले. हेस्टर खोटारडी ठरली आणि खाणीच्या मालकीच्या घरातून तिला बाहेर काढलं.

एरवी छपाईनंतर माझ्यावर रंधा मारून नवं चित्र काढलं असतं. ते भाग्य मला लाभलं नाही. सर लॅम्बर्टनी मला आठवण म्हणून मागून घेतलं आणि जेवणघरात टांगलं. शेजारी टिलेटचं जलरंगातलं चित्र, हॉलडीनच्याच खोऱ्याचं. कोवळं हिरवं, धुराचा पत्ता नाही. पाहुणे घास गिळून म्हणत, "काय हळुवार हात आहे."

आता मी एका संग्रहालयात काचेमागे आहे. खालच्या चिठ्ठीवर 'मालक आणि कृतज्ञ विधवा' असं लिहिलंय. लोक वाकून मालकाचं दुःख बघतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. अंगठ्याने तो माणूस झाका आणि बायकांकडे बघा. त्यांना बदलायला कोणाला वेळ मिळाला नाही. कृतज्ञ बाई मूठ आवळून उभी राहते का?