उणे बावन्न

"उणे बावन्न!"

डाउवेकाकांचा तो आवाज फ्राउक्येच्या कानात अजून होता. ती सात वर्षांची होती तेव्हा ते पंपघराचे रखवालदार. रोज सकाळी पायरीवर उभे राहून चरातली सेंटिमीटरची मोजपट्टी वाचायचे आणि आकडा वाऱ्यावर सोडून द्यायचे. समुद्र म्हणजे शून्य. आपण सगळे त्याच्या खाली. आकडा जितका लहान, पाणी तितकं वर. पलीकडच्या घरात दूध तापवणारी फ्राउक्येची आई तो आकडा ऐकून नुसती मान हलवायची. बावन्न, म्हणजे दिवस सुरू करायला हरकत नाही.

आता चरात संवेदक होता. फ्रीसलंडातले चर आणि बांध सांभाळणाऱ्या या पाणीमंडळाच्या कार्यालयात बसून फ्राउक्ये त्याचे आकडे वेबपानावरच्या आलेखात मांडायची. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर पाणी.

"दहाला येतोय डाउवे म्हातारा," रीन्ट्स म्हणाला. बांधावर गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांचा तो प्रमुख. "गस्तीचं जाकीट परत द्यायला. स्वतःहून! सुटलो बुवा, मला सांगावं लागलं नाही."

गेल्या महिन्यात, डाउवेकाका आता म्हातारपणी गस्त घालायचे त्या टप्प्यातला बांध पाझरून खचला होता. कुरण बुडालं, मेंढरं कशीबशी वाचली.

"गस्तीच्या वहीत काहीच नोंद नाही?"

"आहे ना. सर्व ठीक. पाच आठवडे, सर्व ठीक! डोळे गेलेत त्यांचे. अर्थात तुझी रेघही सपाटच होती म्हणा. अचानक झालं असणार."

तो कॉफी आणायला गेला. फ्राउक्येने त्या चराचा फेब्रुवारीपासूनचा आलेख उघडला. रेघ उन्हात पसरलेल्या मांजरीसारखी निवांत. अचानक कसं होईल? पाणी झिरपतं, मुरतं, वाट बघतं. ते काही कुंपणावरून उडी मारत नाही. तिला राहवेना. तिने उभ्या अक्षाची मापं उघडली. वर शून्य, खाली उणे तीन मीटर.

ही मापं तिनेच बांधून टाकली होती. त्याआधी अक्ष आपला आपण ताणला जायचा. वाऱ्याने चरात दोन सेंटिमीटर पाणी हललं, तरी पडद्यावर डोंगर उभा राहायचा आणि गावातून फोन यायचे, "अगं, बुडतोय की काय आम्ही?" म्हणून गेल्या शरदात तिने सगळ्या चरांना एकच माप दिलं. फोन थांबले. त्या आनंदात रीन्ट्सने केक आणला होता.

तिने ते आकडे पुसले. नवे लिहिले. वर उणे चाळीस, खाली उणे साठ सेंटिमीटर.

रेघ उठून उभी राहिली. लहान मूल जिना चढतं तशी, एक पाऊल, जरा विसावा, पुन्हा एक पाऊल. पाच आठवड्यांत सात सेंटिमीटर. तीन मीटरांच्या पसाऱ्यात ती चढण केसाएवढी होऊन दडली होती.

आणि तिला फेब्रुवारीतला तो फोन आठवला.

"फ्राउक्ये, पोरी, मला पट्टीवर एकोणपन्नास दिसतंय गं. तुझ्याकडे काय?"

"रेघ सपाट आहे, काका," पाव चावता चावता ती म्हणाली होती. "चष्मा पुसा."

"पुसतो, पुसतो," म्हणून ते हसले होते.

दहाला डाउवेकाका आले. हातात घडी केलेलं पिवळं जाकीट, त्यावर साखरपावाची पुडी.

"धुऊन आणलंय. एक बटण नवं आहे."

"बसा हो," रीन्ट्स म्हणाला. "तुमच्याशिवाय बांधावरच्या बगळ्यांना करमायचं नाही."

"मला आता बगळा काय अन् उडालेली पिशवी काय, सारखंच!" ते हसत बसले, जाकीट टेबलावर ठेवलं, पण हात त्यावरच राहिला. "एकोणपन्नास लिहायला पेन उचललं होतं रे मी. मग म्हटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"कुठलं एकोणपन्नास? कोणाला बोललात का?"

डाउवेकाकांनी फ्राउक्येकडे पाहिलंही नाही. "छे. म्हाताऱ्याचा भास, दुसरं काय."

फ्राउक्येने पडदा त्यांच्याकडे वळवला. टेबलाच्या पलीकडून त्यांना तो नीट दिसत होता.

"काका, पट्टी वाचता?"

त्यांची पाठ ताठ झाली. "उणे बावन्न," ते म्हणाले, त्याच जुन्या आवाजात. "एक्कावन्न. पन्नास. एकोणपन्नास..." पंचेचाळीसवर ते थांबले.

रीन्ट्सने कप खाली ठेवला. "हा कुठला आलेख?"

"तोच," फ्राउक्ये म्हणाली. तिने जाकीट उचलून डाउवेकाकांच्या मांडीवर ठेवलं. "माप मी बांधून टाकलं होतं, रीन्ट्स. काकांनी फोन करून मला विचारलं होतं. चष्मा पुसा असं मीच म्हणाले."