गाऱ्हाण्याचा हेल

मी दत्ताराम. पेडण्यातल्या एका मोठ्या इंग्रजी शाळेची बस चालवतो. पोरं गोड आहेत, खोटं कशाला बोलू? पण दुसरीतलं कार्टं मागून इंग्रजीत मला हळू चालवायला सांगतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. माझी पुतणी समीक्षा मात्र गावच्या मराठी शाळेत गेली. चालत.

ह्या आमच्या चेडवाला, म्हणजे पोरीला, वकील व्हायचं होतं. वकिलीच्या कॉलेजची परीक्षा म्हणजे पानंच्या पानं इंग्रजी. त्याचे क्लास पणजीला. माझ्या बसमधून शाळा संपवलेला निहार तिथं जायचा. त्याची वापरून झालेली पुस्तकं मी मागून आणायचो आणि ही बया चुलीपुढं बसून ती पाठ करायची.

लेखी परीक्षेत ती पास झाली. पण फी कोण भरणार? फीमाफीची जागा एकच, तीही गरिबासाठी नव्हे, पहिल्या येणाऱ्यासाठी. त्यासाठी सभागृहात परीक्षकांसमोर उभं राहून बाजू मांडायची. ती मिळाली तर वकिली, नाहीतर म्हापशाच्या कापडाच्या दुकानात नोकरी ठरलेली. तिचा बाप, माझा भाऊ गोकुळदास, कारखान्यात पाळीवर होता, म्हणून सोबत मी गेलो. वाटेत तिनं बजावलं, "काका, तिथं एक अक्षर बोलू नका." मला राग आला. मी काय जत्रेला निघालो होतो?

विषय होता, गावच्या तळ्यात पर्यटकांच्या होड्या सोडाव्यात की नाहीत. निहार आधी बोलला. काय ते इंग्रजी, लोण्यासारखं! मी कौतुकानं ऐकलं आणि म्हापशाचं दुकानही डोळ्यांपुढं आलं. मग समीक्षा उठली. पहिल्याच वाक्याला अडखळली. मागं कुणीतरी फिसकन हसलं, त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

आणि मग तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि सावकाश सुरुवात केली. शब्द मला अर्धेच कळत होते, पण हेल कळला. तो माझाच होता. आमच्या देवळात गाऱ्हाणं मी घालतो. म्हणजे गावाच्या वतीनं देवासमोर उभं राहून मागणं मांडायचं. प्रत्येक मागणं संपलं की सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. ही पोर लहानपणापासून माझं धोतर धरून बाजूला उभी असायची. आता तीही तशीच एकेक मागणं मांडत होती. तळ्यावर शेतं जगवणाऱ्यांचं, मग होडीवाल्यांचंही. आवाज चढवत नेला, थांबली, आणि मी सवयीनं खणखणीत ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

सभागृह हसलं. मी खाली मान घातली. मेलो, म्हटलं, पोरीचं वाटोळं केलं. मधल्या परीक्षक बाईंनी कोण ओरडलं म्हणून विचारलं. समीक्षानं मला ओळख दिली नसती, तरी मी तिला दोष दिला नसता.

"ते माझे काका, दत्ताराम," ती मराठीत म्हणाली. "बाजू मांडायला मी त्यांच्याकडून शिकले."

बाईंनी त्या शब्दांचा अर्थ विचारला. सगळ्यांना पटलं तर असं म्हणतात, तिनं सांगितलं. आणि नाही पटलं तर? मग गाव गप्प राहतो, आणि गाऱ्हाणं पुन्हा नीट मांडावं लागतं. बाईंनी मान हलवली.

संध्याकाळी जागा तिला मिळाल्याचं जाहीर झालं. निहारनं सगळ्यांच्या आधी येऊन तिचा हात हातात घेतला, गुणी पोर.

पुढच्या सोमवारी देवळात मी तिच्यासाठी गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, आमचं चेडू शिकायला भायर चाललंय..." म्हटलं. पुढं शब्द फुटेना. गाव ताटकळला. आमच्याकडं बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. समीक्षानं माझ्याकडं पाहिलं, मी बाजूला सरलो. तिनं सुटलेलं वाक्य उचललं, आधी गावासाठी मागितलं, मग माझ्या बसमधल्या पोरांसाठी, शेवटी स्वतःसाठी.

ती थांबली. गाव गप्पच होता.

मग मी एकटाच म्हणालो, "व्हय म्हाराजा." आणि माझ्यामागून सगळे म्हणाले.