प्रश्न उद्भवत नाही

सोमवारी सकाळी शिपायानं फॅक्सचा कागद टेबलावर ठेवला आणि मी कपाळाला हात लावला. विधानसभेचा तारांकित प्रश्न होता. वर लाल शाईत शेरा होता : तीन दिवसांत माहिती सादर करावी. प्रश्न वाचायची मला गरजच नव्हती, कारण तो मीच लिहिला होता.

मी, नंदलाल, भंडाऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचं टेबल सांभाळतो. त्याशिवाय आमच्या कर्मचारी संघटनेचा सचिव आहे. संघटनेसाठी मी प्रश्नाचा मसुदा केला आणि आमदारांनी त्यावर सही केली. मग तो प्रश्न नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी वर गेला, आणि तिथून एकेक कार्यालय उतरत उत्तरासाठी पुन्हा माझ्याच टेबलावर आला. ज्यानं विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं.

मुळात भानगड जिल्हा फुटला तेव्हाची. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. प्रत्येकाकडून विकल्पाचा फॉर्म भरून घेतला होता : भंडारा की गोंदिया? शोभाताई आरोग्यसेविका. घर मोहाडीला, नवरा हिरालाल हातमागावर, सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. त्यांनी ठळक अक्षरांत 'भंडारा' लिहिलं. यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे गोंदिया आणि नेमणूक देवरीच्याही पुढे, छत्तीसगडला लागून. घरी यायला तीन गाड्या बदलाव्या लागत. असे एकूण एक्केचाळीस लोक निघाले. कुणीतरी यादी टाइप करताना एक रकाना खाली सरकवला होता, बस.

एका सरकलेल्या रकान्यापायी अडीच वर्षं गेली. शोभाताई दुसऱ्या शनिवारी मोहाडीला येत आणि रविवारी अर्ज घेऊन माझ्या घरी. सतरा अर्ज झाले. प्रत्येकाला उत्तर एकच : 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठविण्यात आला आहे.' वरिष्ठ म्हणत, वाटणीचा आदेश शासनाचा आहे, तो आम्ही कसा बदलायचा? शासन म्हणे, प्रस्ताव खालून आला पाहिजे.

शेवटी आमचे अध्यक्ष केशवराव म्हणाले, "नंदलाल, अर्ज पुरे झाले. आता हे काम सभागृहातच न्यावं लागते. चुकीनं गेलेल्यांले एकदा फिरून विकल्प द्या, असा नियमच करून घ्यावा लागते."

आमदारांकडे आम्ही चारदा गेलो. तीनदा ते लग्नाला गेले होते. चौथ्यांदा भेटले, आणि माझ्या तीन पानांच्या मसुद्याच्या चार ओळी केल्या. 'विकल्प भंडारा दिलेला असतानाही एक्केचाळीस कर्मचाऱ्यांना गोंदिया जिल्ह्यात वर्ग केले, हे खरे आहे काय? असल्यास, त्यांना परत आणण्यासाठी शासन कोणती कार्यवाही करणार आहे?'

आता मी उत्तर लिहिलं : 'होय, हे खरे आहे.' सोबत कार्यालयातल्या एक्केचाळीस फॉर्मांच्या प्रती जोडल्या आणि साहेबांसमोर ठेवल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय लिहिलं?"

"जे आहे ते लिहिलं, साहेब."

"खरं आहे म्हटलं की चौकशी लागेल. यादीवर सही कोणाची, ते निघेल. लिहा, हे खरे नाही. दुसऱ्या भागाला लिहा, प्रश्न उद्भवत नाही."

"मले लिहिता येणार नाही, साहेब. फॉर्म समोर आहेत."

"तुम्ही इथं कर्मचारी आहात की पुढारी?"

"दोन्ही आहो, साहेब."

त्यांनी माझा कागद बाजूला सारला. पलीकडच्या टेबलावरच्या अंकुशला बोलावलं. अंकुश दोन वर्षांपूर्वी लागलेला, अजून कायम व्हायचा होता. त्यानं माझ्याकडे न बघता लिहून दिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "भाऊ, मी काय करू, सांगा." त्याच्यावर रागावताही येईना.

प्रश्नाच्या दिवशी शोभाताई, केशवराव आणि मी सकाळच्या एसटीनं नागपूरला गेलो. पाससाठी दोन तास रांगेत उभे राहिलो. आमचा प्रश्न अडतिसावा. सातव्या प्रश्नावर गोंधळ झाला, कुणी कागद फाडले आणि कामकाज तहकूब झालं. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं छापील कागदावर सभागृहात ठेवली गेली. आमदारांच्या स्वीय सहायकानं तो कागद बाहेर आणून दिला. शोभाताईंनी तो वाचला, परत वाचला.

"हे खरे नाही," त्या म्हणाल्या. "म्हंजे मी देवरीकडं नाई? मंग अडीच वर्षं मी कुठं जाऊन राहिली, नंदलालभाऊ?"

"ताई, हे असंच लिहितेत..."

"असंच कायले? माणूस तिथं, हजेरीपट तिथं, अन् सरकार म्हणते, हे खरे नाही! आन् प्रश्न उद्भवत नाही म्हंजे काय? माह्या सासूची पाठ चिघळली, तिले कूस बदलवून द्यायले कोणी नाही. हा प्रश्न नाही का?"

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. केशवरावांनी चहा मागवला. कप पुढे आला तरी शोभाताईंनी हात लावला नाही. मग एकदम पर्स उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. विकल्पाच्या फॉर्मची दुसरी प्रत होती, तारखेसह कार्यालयाचा पोचशिक्का मारलेली.

"तुमच्या ऑफिसातले फॉर्म साहेब दडवतीन," त्या म्हणाल्या. "हा कसा दडवतीन?"

मला माझीच लाज वाटली. सचिव मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कार्यालयातले कागद मी बाहेर दिले असते तर नोकरी गेली असती, पण पोच ज्याची त्याच्या घरी होती.

पुढचे दोन महिने केशवराव आणि मी सुट्टीच्या दिवशी पोच गोळा करत फिरलो. तुमसर, साकोली, लाखांदूर. डोमा म्हणून एक वाहनचालक होता, त्यानं पोच देवाच्या फोटोमागं ठेवली होती. फोटो नवीन आणला तेव्हा जुना नदीत सोडला, पोचसकट. निर्मलाबाई परिचर म्हणाल्या, "तुमी आनाल कागद, अन् साहेब माह्यावरच डाफरतीन. मले नोको." त्यांना तीनदा समजावलं, चौथ्यांदा त्यांनी आम्हांलाच चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी एकोणतीस पोचा जमल्या. बारा जणांच्या मिळाल्याच नाहीत.

एकोणतीस प्रती जोडून आमदारांनी हक्कभंगाची सूचना दिली : सभागृहाला खोटी माहिती पुरवली. ह्या वेळी मात्र ते लग्नाला गेले नाहीत. सभागृहात आपली फसवणूक झाली, हे त्यांना आमच्या एक्केचाळीस लोकांपेक्षा जास्त लागलं होतं. लागू दे, म्हटलं.

आठ दिवसांत साहेबांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली. टेबलावर शोभाताईंच्या नावाचा आदेश तयार होता. नेमणूक मोहाडीतच, घरापासून पायी जाण्याजोगी.

"विशेष बाब म्हणून करून घेतलं," साहेब म्हणाले. "आमदारांना सांगा, सूचना मागे घ्या. आदेश आजच देतो."

मी शोभाताईंना देवरीला फोन करून सगळं सांगितलं. संघटनेचा सचिव म्हणून मी म्हणायला हवं होतं, घेऊ नका. पण सासूच्या पाठीची गोष्ट मला ठाऊक होती. म्हणालो, "ताई, तुम्ही घेतला तर कोणी नाव ठेवणार नाही."

त्यांनी आदेशातलं गाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचे हे घेच म्हणतीन. मलेही घ्यावाच वाटते, खोटं कायले बोलू. पण बाकीच्यांचे कागद मी फुकट घालवू का? नोको. साहेबाले सांगा, सगळ्यांचा द्या." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. इतकं दारात आलेलं परत पाठवायचं!

मुंबईच्या अधिवेशनात मंत्र्यांना उत्तर दुरुस्त करावं लागलं : 'हे अंशतः खरे आहे.' अंशतः! तरी त्या एका शब्दामुळे शासन निर्णय निघाला. ज्यांच्याकडे पोच आहे, त्यांना एकदाच फेरविकल्प. साहेबांची बदली झाली, त्यांना हव्या त्या गावी. मला 'माहिती सादर करण्यास विलंब केला' म्हणून कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचं उत्तर द्यायला संघटनेनं वकील दिला, आणि पुढे ताकीद देऊन सोडलं.

जूनमध्ये शोभाताईंचा आदेश आला. मोहाडी नव्हे, बपेरा. तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशच्या सीमेवर. मी नवीन साहेबांकडे भांडायला निघालो तर शोभाताईंनीच थांबवलं. "बपेरा त बपेरा. रोज रात्री घरी त जाता येते." त्यातही देवरीवाले त्यांना सोडेनात, बदलीवर माणूस आल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही म्हणे. त्यासाठी पुन्हा चार पत्रं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाच्या सुटल्या.

रुजू झाल्या त्या दिवशी दुपारी बपेऱ्याच्या एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द ऐकायला मिळतील.

"आली मी," त्या म्हणाल्या. "सही झाली. आता मले सांगा, पोच नसलेल्या बारा जनांचं काय केलं तुमी?"

"ताई, आजच तुम्ही रुजू झाल्या..."

"माहं झालं. डोमाचं काय झालं ते विचारून राहिली. रविवारी मीटिंग ठेवा. मी येतो."

मी डायरी काढली. रविवारी मेहुण्याकडे साखरपुडा होता. त्यावर काट मारली.