टायरवरचा बाण

मर्डो किंकेडच्या शेडमध्ये त्या दिवशी पाच एकचाकी सायकली होत्या: दोन वीस इंची, एक चोवीस, एक एकोणतीस आणि भिंतीला टेकवलेली छत्तीस इंची. शिवाय हेल्मेटं तीन, त्यातलं एक चिरलेलं. हवा भरायचा पंप एक. गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या पाच, म्हणजे एक कुठेतरी हरवलेली. आणि दारामागच्या खिळ्यांवर पायडलं आवळायचे दोन पाने, एक हातभर लांब, एक वीतभर. लांब पान्यावर मर्डोचा जुना पावसाळी कोट टांगलेला असायचा, त्यामुळे तो सहसा दिसायचा नाही.

"बारक्या चारही क्लबातला रावीरी घेऊन जाईल, शाळेतल्या पोरांना," मर्डो म्हणाला. "मोठी तुझी."

"मला कुठे येते मोठी?" ब्रॉनी म्हणाली.

"म्हणूनच देतोय. ज्यांना येते त्यांच्याकडे आहे आधीच."

ब्रॉनी अडतीस वर्षांची. ओमाकाऊ गावच्या जनावरांच्या दवाखान्यात काम करायची आणि सायकलवर तिचा लहानपणापासून हात बसलेला. बारकी एकचाकी तिला मर्डोनेच शिकवली होती, आता तीन वर्षं झाली. मोठीवर मात्र तिचा नुसता डोळा होता. छत्तीस इंची चाकावर बसलेला माणूस कुंपणावरून पलीकडच्या मेंढ्या बघत जातो, आणि त्याच्या हाताशी धरायला काही नसतं. मर्डो तसा जायचा, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही.

मार्चमध्ये तो पडला. रूळ उखडून टाकलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर, ओमाकाऊहून शेजारच्या लॉडर गावाकडे जाताना, लॉडरच्या अलीकडच्या फाटकापाशी. डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. सळईचं त्याला काही नव्हतं. त्याला दुसरीच गोष्ट खात होती. "पडायच्या आधी डावा पाय मऊ पडला," तो सांगायचा. "खाली काही नसल्यासारखा." त्याच्या वडिलांचा डावा पाय असाच एकदा लोकर कातरायच्या शेडमध्ये मऊ पडला होता. मग हात गेला, मग बोलणं. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. मर्डोच्या डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. "बापाच्याही सापडलं नव्हतं," मर्डो म्हणायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

तो पडला त्या दिवशी त्याच्याबरोबर ब्रॉनी होती. रुग्णवाहिकेत मर्डोला चढवत असताना ती बाजूला मोठी सायकल धरून उभी होती आणि तिच्या मनात आलं होतं, आता ही कुणाकडे जाईल? एक क्षणभरच. पण आलं होतं. आता मर्डो "तुझी" म्हणाला तेव्हा तिला तो क्षण कुणीतरी पाहिल्यासारखं झालं.

"नको," ती म्हणाली.

"नको काय नको? कोळी जाळी विणतील तिच्यावर. उचल."

सप्टेंबर म्हणजे तिकडे वसंत, कोकरांचा हंगाम. ब्रॉनीचा दिवस अडलेल्या मेंढ्यांमध्ये जायचा. संध्याकाळी ती मर्डोच्या घरामागे यायची, कारण त्याच्या कुंपणाला लागूनच ती जुन्या रेल्वेची वाट जात होती. मर्डो घडीच्या खुर्चीत, मांडीवर काठी आडवी. ब्रॉनी कुंपणाच्या खांबाला धरून चढायची, खांब सोडायची आणि पडायची.

"जिना चढतेयस का?" मर्डो विचारायचा. "सगळा भार पायावर. सीट कशाला दिलीय? बस तिच्यावर."

"बसलेय."

"टेकलीयस. बस म्हणजे बस, आळशी माणसासारखी."

मोठं चाक जड. ते उशिरा ऐकतं आणि एकदा ऐकलं की थांबायला तयार नसतं. बारकीवर तोल गेला की पाय झटकून सावरता येतं, इथे सावरायचं ते आधीच, तोल जायच्या आत. नजर चाकाजवळ पडली की माणूसही तिथेच पडतो. ब्रॉनीच्या तळहातांची सालं गेली, एक गुडघा निळा झाला. दवाखान्यात लोक तिच्याकडे बघून मेंढ्याने मारलं का म्हणून विचारायचे.

रावीरी बारक्या सायकली न्यायला आला तेव्हा कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिला. मर्डोला तो कोरो म्हणायचा, त्याच्या घरी आजोबांना म्हणतात तसं.

"कोरो, ही दर वेळी त्याच खड्ड्यात पडते. खड्डा बुजवू की ठेवू?"

"ठेव," मर्डो म्हणाला. "तिची ओळख झालीय त्याच्याशी."

ऑक्टोबर संपता संपता ती खांबापासून पलीकडच्या विलोच्या झाडांपर्यंत जायला लागली. मग खांबाशिवाय चढणं. मागचं पायडल खाली, त्यावर पाय, चाक पुढे ढकलत एकच उडी, आणि वर गेल्यावर थांबायचं नाही. तिला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मर्डो खुर्चीतून उठला. काठी तिथेच खाली पडली. मग डावा पाय टेकताना त्याचा चेहरा बदलला. पाय आहे का नाही हे पाहिल्यासारखं त्याने तो दोनदा जमिनीवर दाबला आणि खाली बसला. ब्रॉनीने न पाहिल्यासारखं केलं.

नोव्हेंबरच्या एका रविवारी ती पहिल्यांदा लॉडरच्या फाटकापर्यंत निघाली. दोन्ही बाजूंना थाइमच्या जांभळ्या झुडपांचा वास सुटला होता, वारा पाठीशी होता. ती आळशी माणसासारखी बसली होती आणि कुंपणावरून मेंढ्या दिसत होत्या. फाटक दिसायला लागलं आणि डावा पाय मऊ पडला.

खाली काही नसल्यासारखा.

ती पुढे फेकली गेली, पण पायावर उतरली आणि धावत थांबली. परत येऊन तिने सायकल उचलली. डावं पायडल क्रँकच्या दांडीत डुगडुगत होतं, अर्धे आटे बाहेर. उजवंही सुटायला लागलं होतं. तिने डाव्या क्रँकवरची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे R अक्षर कोरलेलं होतं, उजव्या बाजूचं.

ती गवतात बसली.

मर्डो पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी याच चाकाचं टायर तिने बदललं होतं. मर्डो आत पाहुण्यांशी बोलत होता, ती म्हणाली मी करते. टायर चढवून, त्यासाठी काढलेली पायडलं पुन्हा आवळून चाक सीटखालच्या चिमट्यात बसवलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण मागे दाखवतोय. सायकलवाल्याला बाण उलटा चालत नाही. टायर पुन्हा काढायचा कंटाळा, म्हणून तिने अख्खं चाक डावं-उजवं फिरवून बसवलं. बाण पुढे झाला. लक्षात आल्याचं तिला कौतुकही वाटलं होतं. साध्या सायकलचं चाक असं फिरवताच येत नाही, एका बाजूला साखळी असते. एकचाकीचं येतं, पण तिची पायडलं चाकालाच असतात, म्हणून फिरवलं की डावं पायडल उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. दोघांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, ते अशासाठीच की चालवता चालवता ती आवळत जावीत. बाजू बदलल्या की तीच पायडलं चालवता चालवता सुटत जातात.

आणि अपघातानंतर सायकल घरी आणली तीही तिनेच. पायडलं ढिली होती. पडल्यामुळे असतील, असं म्हणून तिने कोटाखाली सापडलेल्या लांब पान्याने गच्च आवळली होती. उजवं पायडल नेहमीच्या दिशेने फिरेना म्हणून उलटं फिरवलं. कुठल्या दिशेने घट्ट होतंय ते हाताला कळलं, डोक्याला कळलं नाही. तेव्हाच कळलं असतं तर मर्डोला इस्पितळाच्या पलंगावरच सांगता आलं असतं. आणि डोकं कुठे होतं? सायकल कुणाकडे जाईल यावर.

त्या दिवशी ती चालत परतली. मर्डोने विचारलं, "कुठवर?"

"फाटकापर्यंत."

"पडलीस?"

"उतरले."

"तेच ते," मर्डो म्हणाला आणि हसला.

पुढचे काही दिवस तिने चाक तसंच ठेवलं. सरळ करायला हात गेला की वाटायचं, आपण खूण पुसतोय. न करावं तर सांगावं लागेल. दवाखान्यात ती एका कुत्र्याला दोनदा तीच सुई टोचायला निघाली होती.

शनिवारी मर्डोच्या बायकोने, जीनेटने, तिला चहाला बोलावलं. चीझ रोल गरम होते, वर लोणी वितळत होतं. मर्डो शेडमध्ये खुडबूड करत होता.

"तुला बाहेरून कळण्याआधी सांगते," जीनेट म्हणाली. "घर विकतोय आम्ही. बुधवारी माणूस येतोय बघायला. डनीडन शहरात मोठ्या इस्पितळाजवळ एक खालच्या मजल्याची जागा मिळतेय."

"घर का?"

"त्याला विचार. रोज सकाळी उठला की पायाला सुई टोचून बघतो. लागतंय का म्हणून. लागतं गं, दर वेळी लागतं. म्हणतो, आज लागलं." जीनेटने ताटलीतले कण बोटाने गोळा केले. "गाडी चालवणं सोडलं त्याने. टेकडीवर जात नाही. आता घरही सोडतोय, आणि पाय चांगला ठणठणीत दिसतोय मला."

ब्रॉनीने रोल ताटलीत ठेवला. मर्डो आत आला, हात पुसत खुर्चीत बसला आणि रोलकडे हात नेला. तेव्हा तिने सांगितलं. टायर, बाण, फिरवलेलं चाक, नंतर आवळलेली पायडलं. रविवारचं फाटक. सांगताना ती त्याच्या हातातल्या रोलकडे बघत होती.

मर्डो सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर जमिनी मोजलेल्या. त्याने रोल खाली ठेवला.

"कुठल्या पान्याने आवळली होतीस? पहिल्यांदा."

"बारक्या."

"का?"

"मोठा तुझ्या कोटाखाली होता. मला दिसला नाही."

जीनेट उठून सिंककडे गेली आणि पाठमोरी उभी राहिली. "रविवारी कळलं तुला," ती म्हणाली. "आज शनिवार आहे."

"हो."

"सहा सुया झाल्या मध्ये."



"मला बरं वाटावं म्हणून रचत असशील," मर्डो हळू म्हणाला, "तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही. पण मी घर विकणं थांबवीन, आणि पाय खरंच गेलेला असेल, तर जीनेटला मला जिन्यावरून उचलावं लागेल. कळतंय ना?"

"मी रचत नाहीये."

"रविवारी सुटलं ते आठ महिन्यांनी सुटलं, लांब पान्याने आवळलेलं. मी गेलो त्या दिवशी एका फेरीत सुटलं का, हा प्रश्न आहे. मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये त्याने तिला पायडलं काढायला लावली आणि बारक्या पान्याने पुन्हा आवळायला लावली. "तेव्हा आवळली होतीस तशी. जास्त नाही, कमी नाही." चाक उलटंच राहिलं. खिशातून त्याने व्हर्नियर काढला, पायडल आणि क्रँकच्या मधल्या फटीवर धरला. दोन्ही बाजूंना शून्य.

"हलली नाहीत तर तो पाय माझा होता," तो म्हणाला. "हलली तर पायडल होतं. मधे मऊ वाटलं तर उतर. एक मोडलेलं हाड पुरे."

तो आणि जीनेट गाडीने पुढे गेले. फाटकापाशी रस्ता ही वाट ओलांडतो, तिथे थांबणार होते. गाडी जीनेटने चालवली.

ब्रॉनीने उडी घेतली आणि निघाली. पहिली काही मिनिटं तिचं सगळं लक्ष डाव्या तळव्यात होतं. तळव्याखाली पायडल घट्ट होतं. विलोची झाडं गेली, ओढ्यावरचा लाकडी पूल गेला, तरी घट्ट. मग तिला जाणवलं की आपण हलक्या पायाने चालवतोय. इतकी हलकी ती कधीच बसली नव्हती. भार कमी, तर सुटणंही कमी. पायडल सुटू नये असं तिला वाटत होतं. न सुटलं तर चूक तिची नव्हती, बाणाची नव्हती, कुणाचीच नव्हती. मग ती मोकळी, आणि मर्डो डनीडनला खालच्या मजल्यावर सुई घेऊन बसलेला.

एवढंच हवं होतं का तिला? मार्चमध्ये सायकल हवी होती, आता हे.

वाट चढाला लागली. मर्डो चढावर कसा जायचा ते तिने तीन वर्षं मागून पाहिलं होतं. खांदे सैल आणि दर फेऱ्याला टाच खाली दाबून, पूर्ण वजन टाकून. तिनेही टाच दाबली. पुन्हा दाबली. चढ संपला तरी ती तशीच चालवत राहिली, मांड्या भरून आल्या तरी. फाटक दिसलं. फाटकाशी जीनेट उभी होती, तिच्या बाजूला मर्डो, काठी बगलेत धरून, दोन्ही पायांवर.

ब्रॉनी सीट मागे धरून उतरली. मर्डोने काठी जीनेटकडे दिली आणि वाकला, डावा गुडघा सावकाश खडीवर टेकला. खिशातून व्हर्नियर काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. डाव्या बाजूला धरला, वाचला, पुन्हा धरून वाचला. मग चाकाला वळसा न घालता हात पलीकडे नेऊन उजवी बाजू.

"लिहायचंय का?" जीनेटने विचारलं.

"नको. राहील लक्षात."

डावं पायडल चार पूर्णांक तीन मिलिमीटर बाहेर आलं होतं, उजवं तीन पूर्णांक आठ.