पैलवानासमोर ठेवलेला आरसा

मला पालथा धरलात तरी चालेल. बोलायला तोंड वर असावं लागतं असं थोडंच आहे! मी एक हातआरसा बोलतोय. तळहाताएवढा, गोल, निळ्या प्लॅस्टिकच्या चौकटीतला. उभं राहायला मागे तारेचा एक पाय आहे, तोही जरा वाकडा.

जन्माचं सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एका मोठ्या काचेतून आम्ही पुष्कळ भावंडं कापली गेलो. पाठीवर चंदेरी मुलामा चढला, त्यावर रंग बसला. माझ्यात पहिल्यांदा डोकावली ती खोकी भरणारी बाई. तिनं दातात अडकलेलं काहीतरी नखानं काढलं, खात्री केली आणि मला खोक्यात टाकलं. माणसं आपल्याशी कामापुरती गोड, हे मला तिथंच कळलं.

मला विकत घेतलं ते एका इमारतीतल्या काकूंच्या यजमानांनी, दाढीसाठी. ते गेले आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आलो. काकूंनी मला असा तिरपा ठेवला, की शेगडीजवळ उभं राहूनही जिना दिसावा. कोण आलं, कुणाच्या पिशव्या आज जड आहेत, कुणाची सून तोंड पाडून उतरली, सगळं आधी मला दिसायचं, मग काकूंना, आणि भाजी शिजेपर्यंत इमारतभर. लोक त्यांना मागून ‘वार्ताहर काकू’ म्हणत. काकूंना ते माहीत होतं. माझ्यातच दिसायचे ना ते हसताना!

पण खरं सांगू का, काकूंच्या चौकशीत विष नव्हतं. कुणाच्या घरी आजारपण आहे हे सगळ्यांत आधी त्यांना कळायचं, कारण पातेलंभर पेज घेऊन सगळ्यांत आधी त्याच जायच्या. आणि घरात कुणी नसलं की त्या माझ्याशी बोलायच्या. ‘मीठ जास्त झालं बघ आज,’ ‘गुडघा काही ऐकत नाही हो.’ मी काय उत्तर देणार? समोरच्या बाईचे ओठ हलताना दाखवायचो, तेवढंच. त्यांना ते पुरायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समोरच्या दारात कवळीकाका राहतात. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्याचं त्यांचं काम. बाहेरच्या खोलीत टेबलावर मेण, साचे, गुलाबी हिरड्या आणि ओळीनं मांडलेले दात. पहिल्यांदा आलेला माणूस दचकतोच. बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक. लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली, तिथल्या खोलीत मासे ठेवायला परवानगी नाही, म्हणून जाताना ती आपला मासा वडिलांच्या गळ्यात घालून गेली. बेटा जातीचा, दुकानदार त्याला फायटर म्हणतात. गडद निळा, झालरीसारखी लांब शेपटी, आणि रागावला की कल्ले फुलवून दुप्पट होणारा. लेकीनं त्याचं नाव ठेवलं होतं पैलवान.

बाप-लेकीचं फारसं पटत नसे. संध्याकाळी तिचा फोन यायचा तो असा:

“पैलवान कसा आहे?”

“ठीक आहे.”

“खाल्लं?”

“खाल्लं.”

“बरं. ठेवते.”

फोनवर दिसायचा तोही मासाच. काका फोन काचेला लावून धरायचे. त्या दोघांमध्ये बोलायला उरलं होतं ते एवढंच, बोटभर लांबीचं.

तर झालं काय, काकांच्या बहिणीचा पाय मोडला. त्यांना तातडीनं जावं लागलं. किल्ली अर्थातच काकूंकडे. सगळ्या इमारतीच्या किल्ल्या काकूंकडेच असतात.

“वहिनी, सकाळी चार दाणे टाकायचे. बाकी काही करू नका.”

“अहो भाऊजी, मी माणसं सांभाळलीत आयुष्यभर. माशाचं काय घेऊन बसलात!”

पहिल्या दिवशी काकू दाणे टाकून निघाल्या, पण दारातून परत फिरल्या. बंद खिडक्यांचं घर, टेबलावर हसणारे दात, आणि काचेच्या भांड्यात तो एकटा. काकू भांड्याशी वाकल्या. म्हणाल्या, “बोलायला कुणी नाही रे तुला.” आणि घरी जाऊन मला घेऊन आल्या. स्वतःला ज्याची सोबत झाली ती त्यांनी त्याला दिली. यात वाईट काय होतं? मला काचेला अगदी टेकवून उभा केला आणि त्या निघून गेल्या.

पैलवान वळला. त्यानं मला पाहिलं, म्हणजे माझ्यात एक निळा मासा पाहिला. कल्ले ताडकन फुलले, शेपटी पंख्यासारखी उघडली, आणि तो सरळ माझ्यावर धावून आला. काचेवर टक्‌ आवाज झाला. तो मागे सरला, माझ्यातलाही मागे सरला. तो पुन्हा आला, माझ्यातलाही आला. त्याच्या घरात दुसरा शिरला होता, आणि तो हटायला तयार नव्हता. हटणार कसा? मला कुठे डोळे मिटता येतात! पाय तारेचा, तोही दुसऱ्यानं हलवला तर हलणारा. मी कधी कुणाला खोटं दाखवलं नाही, याचा मला केवढा तोरा होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, थोडं खोटं दाखवता आलं असतं तर!

सकाळी काकू आल्या आणि हरखल्याच. “अगं बाई, नाचतोय!” शेजारणींना बोलावून आणलं. “बघा, सोबत मिळाली तर कसा फुललाय.” टाळ्या काय, फोटो काय. सगळ्यांच्या कौतुकात मी उजळून निघालो होतो आणि आत लाजेनं काळा पडत होतो. रोज तेच. हळूहळू झालर चिरत गेली, निळा रंग राखेसारखा झाला, दाणे तळाशी पडून राहू लागले. काकू म्हणाल्या, “दमला वाटतं नाचून.” शेजारणींनाही तेच वाटलं.

जिन्यात काकांचा आवाज आला तसा काकूंनी मला उचलून भाजीच्या पिशवीत टाकलं. चूक कळली होती म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या घरात न सांगता काही ठेवलं, एवढाच संकोच. त्या दिवसापासून मी त्या पिशवीतच राहिलो आणि काकू जिथे जातील तिथे गेलो.

पैलवान तळाला आडवा पडला होता. काका भांड्यासमोर बसले ते बसलेच. शेवटी काका आणि काकू शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काकांनी नुकतेच काढलेले फोटो फोनवर मोठे करून पाहिले.

“शेजारी दुसरा फायटर ठेवला होता का?”

“छे, एकटाच असतो.”

“मग पाण्यानं झालं असेल. पण अशा चिंध्या होतात त्या भांडणात. दिवसभर दुसरा समोर दिसला की हे वेडे होतात. त्या रागापायीच मरतात.”

काकूंचा हात पिशवीत आला. बोटं माझ्या चौकटीला लागली आणि चटका बसल्यासारखी मागे गेली. परतीच्या वाटेवर काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प होत्या हीच त्या दिवसाची सगळ्यांत मोठी बातमी, पण ती सांगणार कोण?

संध्याकाळी फोन आला. काकू मदतीला तिथेच होत्या, मी पिशवीत.

“बाबा, असा कसा झाला?”

“मीच निघताना घाईत सगळं पाणी एकदम बदललं बहुतेक. माझंच चुकलं.”

 मग लेक म्हणाली, “तुम्हाला नेहमी उशिराच कळतं, बाबा. आईच्या वेळीही.”

काकांनी “हो” म्हटलं. नुसतं हो. जो माणूस चुकलाच नव्हता त्यानं मान खाली घातली, आणि जिला माहीत होतं ती बाई बादलीतलं पाणी निष्कारण ढवळत राहिली. काय लागलं असतं एक वाक्य बोलायला? पण इमारतभराच्या घरातलं चव्हाट्यावर आणलेल्या जिभेला स्वतःचं एवढंसं उचलेना.

मग सुरू झाली शुश्रूषा. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवायचं, त्यातल्या जंतुनाशकाचा वास उडाला की मगच वापरायचं, तेही थोडं काढून थोडं घालायचं. ते भांड्यातल्या पाण्याइतकंच कोमट हवं, म्हणून काका आंघोळीच्या पाण्यासारखं कोपर बुडवून बघत नसत, थर्मामीटर लावत. दुकानदारानं दिलेलं जंगली बदामाचं वाळकं पान आत सोडलं, तसं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. हा मासा हवा घ्यायला वर येतो, आणि पैलवानाला तर वर यायचीच ताकद नव्हती. काकांनी पाण्याची पातळी कमी केली. तरी त्याला धाप लागायची.

तेव्हा काका कामाच्या टेबलाशी बसले आणि गुलाबी हिरड्यांच्या प्लॅस्टिकचा एक तुकडा घडवला. टाळूसारखा खोलगट, कडा घासून मऊ केलेला, पुन्हा पुन्हा उकळून घेतलेला. तो पाण्याच्या वरच्या अंगाला, काठाला अडकवला. पैलवान कसाबसा त्यावर येऊन टेकला. तोंड पाण्याच्या वर आलं, एक घोट हवा घेतली.

“भाऊजी, कवळीत झोपलाय की हो!” काकू हसल्या, आणि लगेच डोळे पुसायला लागल्या.

“वहिनी, तुम्ही का रडताय? तुम्ही तर केवढं करताय त्याच्यासाठी.”

हे मात्र काकूंना मारल्यासारखं लागलं. मला विचाराल तर मलाही. जखम करणारीचे आभार मानले जात होते, आणि तिचा साथीदार मी पिशवीत कोथिंबिरीखाली लपलो होतो.

काकू दिवसातून कितीदा तरी यायच्या. बादल्या उचलायच्या, तळाची घाण नळीनं ओढून काढायच्या, गुडघ्याचं नाव काढायच्या नाहीत. काकांनी कामं बाजूला ठेवली होती, डॉक्टरांचे फोन उचलत नव्हते. खुर्चीतच बसायचे. दाढी वाढली, सदरा तोच.

एके दिवशी पैलवानानं एक दाणा गिळला. दोघंही लहान पोरांसारखे ओरडले. संध्याकाळी लेकीला सांगितलं. तिचा आवाज जरा मऊ झाला.

“बाबा, त्याला क्षणभर आरसा दाखवा. कल्ले फुलवले तर अंगात जीव आलाय समजायचं. पण क्षणभरच हं. जास्त वेळ ठेवला तर डोकं आपटून घेईल.”

“माझा आरसा कपाटाच्या दारात पक्का बसवलाय. वहिनी, तुमचा तो खिडकीतला द्या की जरा. ज्यातून जिन्याची राखण करता तो!”

काकूंनी पिशवीत हात घातला. आत बराच वेळ हात तसाच राहिला. मग मला बाहेर काढलं, पण काच छातीशी धरून. माझ्यावर त्या भांड्यातल्या पाण्याचे वाळलेले ठिपके अजून होते. त्यांनी मला पुसलं नव्हतं, पाहवलंच नव्हतं माझ्यात.

“नको भाऊजी. हा त्याला नको दाखवायला.” काकू म्हणाल्या. “त्यानं पुष्कळ पाहिलाय. तुम्ही नव्हता तेव्हा मी दिवसरात्र ठेवला होता त्याच्यासमोर. मला वाटलं एकटा आहे, सोबत होईल. मला वाटलं नाचतोय. त्या दुकानात मला कळलं आणि मी बोलले नाही. पोरी, तुझ्या बाबांनी काही केलं नाही गं. पाणीबिणी काही नाही. मी केलं. तू त्यांना आईवरून बोललीस तेव्हासुद्धा मी इथेच होते, आणि गप्प बसले.”

काका फोन धरून तसेच उभे. पैलवान आपल्या गुलाबी पलंगावर. 

“बाबा,” लेक म्हणाली, “मग तुम्ही ‘माझंच चुकलं’ का म्हणालात?”

“मला वाटलं, चुकलं असेल. माझं चुकतं ना.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “फोन वळवा. माशाकडे नको, तुमच्याकडे. अजून वर. बाबा, हे काय! काकू, तो आरसा पैलवानाला दाखवू नका. बाबांना दाखवा. दाढी बघा म्हणावं किती वाढलीय.”

काकूंनी मला वळवलं. माझ्यात एक थकलेला माणूस आला. पांढरे खुंट, डोळ्यांखाली काळं. त्यानं गालावरून हात फिरवला आणि स्वतःला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. मासा सोडून त्या दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं, आणि ते माझ्यासमोर झालं. मी त्या लायकीचा नव्हतो.

पैलवान जगला. पण झालर पहिल्यासारखी भरली नाही. एका बाजूनं आखूड राहिली आणि नव्यानं आली ती फिकट, जवळजवळ पांढरी. पोहताना तो किंचित कलतो. काका म्हणतात, वय झालं. काकू काही म्हणत नाहीत, पाणी बदलायला मात्र रोज येतात.

काकूंनी मला परत नेलं नाही. “ठेवा तुम्हालाच, दाढीला होईल,” म्हणाल्या. त्यांच्या खिडकीत आता आरसा नाही. कुणाचं काय चाललंय हे जाणून घ्यायचं असलं की त्या सरळ जिन्यात उभ्या राहतात आणि तोंडावर विचारतात. लोकांना ते जास्त जड जातं म्हणे!

मी आता न्हाणीघराच्या खिळ्याला असतो. काका रोज दाढी करतात, फोन येण्याआधी. दार उघडं राहिलं तर माझ्यावरचा उजेड उडून त्या भांड्यावर पडतो आणि पैलवान दचकतो. म्हणून दाढी झाली की काका मला भिंतीकडे तोंड करून लावतात. विसरले तर मीच मनात म्हणतो, वळवा हो मला. तुम्हालाही माझी एवढीच विनवणी आहे. ज्याला मी कोण हे कळत नाही, त्याच्यापुढे मला ठेवून निघून जाऊ नका. मला तोंड फिरवता येत नाही.

भिंतीकडे तोंड असलं तरी संध्याकाळचा फोन ऐकू येतो. आधी “बाबा, जेवलात का?” येतं. आज भाजीत मीठ विसरलं इथपासून काकूंच्या गुडघ्यापर्यंत बोलणं होतं. आणि मग, अगदी शेवटी, ती विचारते, “पैलवान कसा आहे?”

तेवढ्यापुरता मी भिंतीला आणखी चिकटून राहतो.