नऊचा वळसा

तीन वर्षं मी ब्रशने अक्षरं लिहीत होते. चपटा ब्रश, पातळ शाई, एकेका अक्षराचे शंभर कागद. त्यातलं एक निवडायचं आणि संगणकावर त्याच्या कडा सावरायच्या. 'क्ष' जमला तो बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यात. लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा फॉन्ट पुरा झाला, आणि आमच्या स्टुडिओच्या मालकांनी पहिलं गिऱ्हाईकही आणलं: लहान मुलांच्या सर्दीचं औषध काढणारी कंपनी.

औषधाचं नाव माझ्या अक्षरात झकास दिसत होतं. पण कंपनीच्या साहेबांना सगळंच लेबल तसं हवं होतं, मागचा बारीक मजकूरसुद्धा.

छापलेला नमुना मी घरी आणून बाटलीला गुंडाळला. मला घोर लागायला कारण लागत नाही. नवरा म्हणतो, तू झोपलेल्या पोरीचे श्वास मोजतेस. मोजते. बाटली सासूबाईंच्या हातात दिली.

"आई, हे कितव्या महिन्यापासून द्यायचं, बघा बरं."

त्यांनी चष्मा पुसला, बाटली खिडकीशी धरली. "वय, महिने... एकपासून पुढे. मग आपल्या ठमीला चालेल की! नाक केव्हाचं वाहतंय बिचारीचं."

तिथे नऊ होता. माझाच नऊ. मोठा लिहिला की कसा डौलदार, डावीकडे ब्रशचा छोटासा वळसा. बारीक छापला की वळसा शाईत बुडतो आणि मागे एक उरतो.

"अगं, तोंड का उतरलं? माझा चष्मा बदलायला झालाय का?"

"चष्मा नाही, आई. अक्षर."

दुसऱ्या दिवशी मालकांनी साहेबांना स्पीकरवर घेतलं. मी सगळं सांगितलं.

"मग तेवढा नऊ सुधारा की," साहेब म्हणाले.

"नऊ सुधारीन. मग चार, मग पाच, मग अर्धा चमचा. साहेब, हे अक्षर नाव मिरवायला आहे, औषधाची मात्रा सांगायला नाही. मागचा मजकूर साध्या टाइपात घ्या."

"लेबल एकाच वळणाचं हवं. बाळंतपणानंतर बाईंना भलतीच भीती बसलेली दिसते."

मालक टेबलाकडे बघू लागले.

"बसलीय," मी म्हटलं. "भीती बसलेल्या माणसानेच औषधाचं लेबल करावं."

मालकांनी फोनवर हात ठेवला. "ताई, पायावर धोंडा मारून घेऊ नका. हे काम गेलं तर तुमचा फॉन्ट मला विक्रीच्या यादीत ठेवता येणार नाही."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, फॉन्टची फाइल उघडली आणि शून्यापासून एकेक आकडा पुसत गेले. नऊवर बोट अडखळलं. त्या वळशासाठी मी दोन महिने घालवले होते. पुसला.

"अहो, हे काय करताय?"

"आकड्यांविना देतेय. आता यात कुणालाच बाळाचं वय छापता येणार नाही. नाव हवं तर माझ्या अक्षरात घ्या. नको असेल तर यादीतून काढा."

स्पीकरमधून साहेब विचारत होते, "हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय," मालक म्हणाले. त्यांनी दहा रिकाम्या चौकटींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाईंचं म्हणणं ठाम आहे, साहेब."

पलीकडून फोन ठेवला गेला. मालकांनी यादी उघडली. मी समोरच बसून राहिले, त्यांनी माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत काढावं म्हणून.